बी पेरा नाहीतर फांदी लावा, मुळांना हवा द्या : इंदूरच्या गच्चीवरून

आमच्या कॉलनीत कोणाचं रोप लागलं की सगळ्या म्हणतात "तिच्या हाताला गुण आहे", आणि नाही लागलं की "माझा हातच नाही हो चांगला, मी लावते आणि मरतं". मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण बिचारीने रोज पाणी घातलेलं असतं, शेणखत घातलेलं असतं, उन्हातून सावलीत सावलीतून उन्हात उचलून ठेवलेलं असतं, आणि तरी फांदी काळी पडून मेली की ती कायमची लावायचंच सोडून देते. हाताचा काहीच संबंध नाही यात. बहुतेक वेळा त्या फांदीला नाहीतर बीला हवा मिळालेली नसते, एवढंच.

मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा सासूबाईंनी सांवेरच्या शेतावरून दोन पोती काळी माती मागवून दिली. माळव्याची काळी माती म्हणजे इथल्या लोकांचा जीव, "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर" असं इथे लहान पोरं पण म्हणतात. मी मोठ्या हौसेने त्या मातीत जास्वंदीच्या दहा-बारा फांद्या खोचल्या, रोज सकाळी पाणी घातलं, आणि तीन आठवड्यांत एकूण एक फांदी गेली. एक उपटून बघितली तर खालची दोन बोटं लांबी काळीकुट्ट, बोटाने दाबलं की साल सुटून हातात येत होती आणि आत पाणी, वास पण येत होता कुजल्याचा. त्याच पावसाळ्यात शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, त्यांच्या रेतीच्या ढिगावर कोणीतरी छाटलेल्या जास्वंदीच्या फांद्या टाकून दिल्या होत्या, एक-दोन रेतीत अर्ध्या गाडल्या गेल्या असतील, महिन्याभराने मजुराने रेती उचलली तर त्या फांद्यांना पांढऱ्या मुळ्या. नुसत्या रेतीत, ना खत ना काही. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तेव्हापासून मी काळ्या मातीत बी पण पेरत नाही आणि फांदी पण खोचत नाही.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. काळी माती अगदी बारीक चिकणमाती असते, पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगा पडतात, उन्हाळ्यात शेतात बघितलंच असेल आख्खा हात जाईल एवढी भेग. फुगल्यावर तिच्यात हवेला जागाच उरत नाही. गव्हाला, हरभऱ्याला ती सोन्यासारखी आहे कारण त्यांच्या मुळ्या खोल जातात आणि तिने धरून ठेवलेला ओलावा महिनोन्महिने पुरतो. पण कापलेल्या फांदीला मुळ्याच नाहीत, तिला खाली एक उघडी जखम आहे फक्त. जखमेला हवा नाही आणि सतत पाणी, मग कुजणार नाहीतर काय होणार. आणि दुसरीकडे वरची पानं वाऱ्याने पाणी सोडतच असतात, खालून पाणी ओढायला मुळी नाही, म्हणून वरून सुकते. म्हणजे फांदी एकाच वेळी खालून कुजते आणि वरून सुकते, आपण सुकलेली बघून अजून पाणी घालतो. म्हणून माझा नियम एकच, खाली हवा आणि वर ओलावा. बीचं पण तसंच आहे, बी श्वास घेतं, भिजल्यावर तर जास्तच घेतं, ते चिखलात बुडालं की आतल्या आत मरतं.

आता माती कशाची करायची ते. मी फांद्यांसाठी अर्धी रेती आणि अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेते, बस. रेती नर्मदेची जाड दाण्याची, बांधकामाला येते तीच, कोणाच्याही घराचं काम चालू असेल तर घमेलंभर मागितली तर नाही म्हणत नाहीत. पण ती धुवावी लागते हे लक्षात ठेवा, बादलीत घालून पाणी टाकायचं, हाताने ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, चार-पाच वेळा केलं की पाणी नितळ येतं. तो जो गाळ निघतो ना तोच हवा बंद करतो. चुरी मात्र वापरू नका, दगडाची भुकटी असते ती, सिमेंटसारखी बसते. कोकोपीटची वीट आणली तर ती पण भिजवून दोन-तीन वेळा धुऊन पिळून घ्यायची, काही विटांमध्ये मीठ असतं. मिश्रण किती ओलं हवं तर मुठीत घट्ट दाबा, एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर जास्त झालं. खत अजिबात नाही. फांदीला तोंडच नाही तर जेवण कोणाला वाढताय, उलट खताने जखम लवकर सडते.

बियांसाठी थोडं वेगळं, कोकोपीट दोन भाग, रेती एक भाग आणि चाळलेलं जुनं कंपोस्ट एक भाग. कंपोस्ट पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतलं तर पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास यायला पाहिजे, गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर अजून थांबा. कंपोस्टची जी पद्धत जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखतात ती आपल्याच गावची बरं का. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, आत्ता जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, आणि त्यांनी पालापाचोळा, शेण, माती-राख यांचे थर लावून तो ढीग मधूनमधून पलटवायचा ही रीत इथे बसवली, साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. पलटवायचं कशासाठी, तर आत हवा जावी म्हणून. तिथेही परत हवाच बघा. माझ्याकडे गच्चीवर रंगाचे दोन जुने डबे आहेत भोकं पाडलेले, त्यात मी हेच छोट्या प्रमाणात करते.

डबे-कुंड्या विकत आणू नका सुरुवातीला. दुधाची पिशवी धुऊन वरून पूर्ण उघडायची, खालचे दोन कोपरे कात्रीने कापायचे आणि मध्ये दोन भोकं, झाली पॉलिबॅग. आमच्याकडे सांची दुधाच्या रोज दोन पिशव्या निघतात, वर्षभरात किती रोपं होतील विचार करा. डिस्पोजेबल ग्लास पण छान, आणि त्यात एक युक्ती आहे, पारदर्शक ग्लासात फांदी लावायची आणि तो ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात बसवायचा, म्हणजे मुळ्यांना अंधार मिळतो आणि बघायचं असेल तेव्हा बाहेरचा ग्लास काढून बघता येतं, फांदी उपटायची गरज नाही. उपटून बघायची सवय सगळ्यात वाईट. नवीन मुळी दोऱ्यापेक्षा बारीक आणि काचेसारखी ठिसूळ असते, एकदा उपटली की गेली.

बियांचं आधी सांगते

बी घरातलं असेल, जुनं असेल, तर आधी तपासून घ्या. ओल्या टिश्यूवर दहा बिया ठेवायच्या, गुंडाळायचं, डब्यात झाकून ठेवायचं, आठ-दहा दिवसांनी मोजायच्या. सात-आठ उगवल्या तर मस्त, चार उगवल्या तर दुप्पट पेरा, एक उगवली तर फेकून द्या आणि नवीन आणा, उगीच महिना वाया जातो.

किती खोल पेरायचं याचं साधं माप, बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. भोपळ्याचं बी बोटाच्या पेराएवढं खाली, मिरची-टोमॅटोचं त्याहून अर्ध्याने कमी, आणि तुळस, पिटुनिया असलं धुळीसारखं बी तर मातीत घालायचंच नाही, वर भुरभुरायचं आणि तळहाताने हलकं दाबायचं, त्यांना उजेड मिळाला तर बरं उगवतं. पाणी वरून ओतायचं नाही, ट्रे परातीत ठेवून परातीत पाणी घालायचं, वरची माती गडद दिसायला लागली की बाहेर काढायचा. वरून तांब्याने ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहत जातं, माझं कितीतरी वेळा झालंय.

प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा असतो आणि मला यातच सगळ्यात मजा येते. धणे घ्या, आपण ज्याला एक धणा म्हणतो ते खरं फळ आहे, आत दोन बिया. चपलेखाली नाहीतर लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचं आणि पेरायचं, आठ-दहा दिवस तरी लागतात, चार दिवसांत नाही उगवलं म्हणून उकरू नका. इंदूरला कोथिंबीर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतच पेरा, एप्रिलमध्ये पेरली तर पानं यायच्या आधी फुलावर जाते. गोकर्णाचं बी टणक असतं, पाणी आतच जात नाही, सँडपेपरवर एका बाजूने दोन-चार वेळा घासायचं आणि रात्रभर भिजवायचं, सकाळी जे फुगलंय ते पेरायचं, जे नाही फुगलं ते परत घासायचं. टोमॅटोच्या बीभोवती जी बुळबुळीत पिशवी असते ती बीला उगवू देत नाही, म्हणून पिकलेला टोमॅटो कपात पिळून दोन-तीन दिवस तसाच ठेवायचा, वर फेस येईल, थोडा वास येईल, मग चाळणीत खळखळून धुऊन सावलीत वाळवायचं. पण बाजारातले टोमॅटो बहुतेक हायब्रिड असतात, त्यांच्या बीपासून येईल ते झाड आईसारखंच असेल असं नाही, देशी आंबट टोमॅटो चोइथराम मंडीकडून कोणी आणला तर त्याचं बी जपून ठेवा.

पपईचं बी मी दर वर्षी करते. पिकलेल्या पपईतून काढलेलं बी बघा, भोवती चिकट पारदर्शक आवरण असतं, त्यात उगवण रोखणारा पदार्थ असतो. पोह्याच्या चाळणीत बी घ्यायचं, थोडी राख नाहीतर रेती टाकायची आणि तळहाताने गोल गोल घासायचं, ती आवरणं टचटच फुटतात आणि आतून काळं खरबरीत बी निघतं, छोट्या मिऱ्यासारखं. धुऊन सावलीत दोन दिवस वाळवून पेरायचं, उगवायला दोन ते चार आठवडे. आणि पपईत नर-मादी झाडं वेगळी असू शकतात म्हणून एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावायची, फुलं आली की जास्तीचे नर काढायचे. एकच रोप लावून वर्षभर वाढवलं आणि ते नर निघालं तर जीव हळहळतो.

कढीपत्त्याचं मात्र उलटं आहे. त्याचं बी वाळवून ठेवलं की मेलं. झाडावर जांभळी-काळी फळं पिकतात पावसाळ्यात, ती तोडून गर काढायचा, बी धुवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं, फार तर आठवड्याच्या आत. दुकानात पाकिटात मिळणारं कढीपत्त्याचं बी घेऊ नका, ते कधीचं असतं देव जाणे. कडुलिंबाचं आणि आंब्याच्या कोयीचं पण असंच, ताजं असतानाच पेरायचं. आंब्याची कोय लावायला हरकत नाही, पोरांना फार आवडतं टरफल उघडून आतला गाभा लावायला, पण हापूसच्या कोयीपासून हापूस येईल असं धरून चालू नका, त्यासाठी त्या रोपावर कलम करावी लागते.

बी उगवलं की खरी काळजी सुरू. पहिल्या दोन आठवड्यांत दोन गोष्टी रोपं मारतात. एक म्हणजे उजेड कमी, खिडकीत ठेवलेली रोपं उंच, पांढरट, काडीसारखी होऊन आडवी पडतात. उगवल्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारी ग्रीन नेटखाली. दुसरं, मर. संध्याकाळी छान टवटवीत बघितलेली रोपं सकाळी जमिनीलगत बारीक होऊन कोलमडलेली असतात, जणू कोणी दोऱ्याने आवळलं. ही बुरशी असते आणि ती सततच्या ओल्या मातीत आणि दाटीत वाढते. एकदा पडलेलं रोप वाचत नाही, ते लगेच काढून टाका, बाकीच्यांचं पाणी थांबवा, ट्रे हवेशीर जागी ठेवा, विरळणी करा. विरळणी करताना उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याची मुळी पण निघते. चार ते सहा खरी पानं आली, म्हणजे पहिल्या दोन गुळगुळीत पानांनंतरची, की दुसरीकडे लावायचं, संध्याकाळी, आणि त्याआधी आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवायचं.

आपल्याकडचा वेळ पण सांगते. मिरची, वांगं, टोमॅटो यांना २५ ते ३० अंश लागतात, इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या आसपास आणि कधी त्याखालीही जातं तेव्हा मिरचीचं बी महिनाभर नुसतं पडून राहतं. म्हणून फेब्रुवारी मध्यानंतर नाहीतर जूनमध्ये पेरा. झेंडू दसऱ्याला हवा असेल तर जून-जुलैत, बी कुठून आणायचं, तर मागच्या दसऱ्याच्या तोरणातून, वाळलेलं फूल चुरगाळलं की काळी सुईसारखी बी, तीच.

आता फांद्या

फांदीचे तीन प्रकार ओळखता आले की अर्धं काम झालं. अगदी कोवळी, हिरवी, लवचिक फांदी, पुदिना, तुळस, कोलियस, मनीप्लांट यांची. ही पाण्यातसुद्धा लागते. मग मध्यम, खाली थोडी तपकिरी वर हिरवी, वाकवली तर वाकते आणि जास्त वाकवली तर कट् करून मोडते, जास्वंद, मोगरा, कण्हेर यांची अशी घ्यायची आणि ती पावसाळ्यात लागते. आणि जून, म्हणजे पक्की झालेली, पेन्सिलएवढी जाड, साल राखाडी, गुलाब, बोगनवेल, डाळिंब, अंजीर, तुती यांची. ही थंडी संपताना, जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करतो तेव्हा लावायची.

कापायचं कसं ते नीट बघा, सगळं इथेच आहे. फांदीवर जिथे पान फुटतं त्या जागेला डोळा म्हणतात. मुळ्या बहुतेक डोळ्याच्या आसपास फुटतात. म्हणून खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, पाव इंचावर, तिरका. वरचा काप डोळ्याच्या वर अर्धा इंच, सरळ. तिरका-सरळ असं ठेवलं की खालची बाजू कोणती ते विसरायला होत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे कारण झाड शेंड्याला एक हार्मोन तयार करतं, ते वरून खाली उतरतं आणि कापलेल्या टोकाशी साठतं, त्याने मुळ्या फुटतात. उलटी लावली तर नाही लागणार. लांबी ५ ते ८ इंच, त्यात तीन-चार डोळे हवेत, दोन मातीत दोन वर. खालची पानं सगळी काढायची, वर दोन पानं ठेवायची आणि ती पण मोठी असली तर अर्धी कापायची. अर्धं पान कापायला जीव होत नाही लोकांचा, पण पूर्ण पान ठेवलं तर तेवढंच पाणी उडतं. फूल असेल, कळी असेल तर ती तोडाच, साठवलेलं सगळं तिकडे जातं. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने फांदी चिरडते, आणि कापायच्या आधी स्पिरिटने नाहीतर गरम पाण्याने पुसून घ्या.

रूटिंग हार्मोनची पावडर मिळते नर्सरीत, छोटी डबी वर्षभर पुरते. जून फांदीला, गुलाब-बोगनवेलीला ती खरंच उपयोगी, कोवळ्या फांदीला गरज नाही. फांदीचं टोक ओलं करून पावडरीत बुडवायचं, जास्तीची झटकायची, आणि मातीत आधी काडीने भोक पाडून मग फांदी सोडायची, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. मध, दालचिनी, कोरफड यांच्याबद्दल खूप काही सांगतात लोक, मी सगळं करून बघितलं, त्या पावडरीसारखा फरक मला दिसला नाही.

लावून झालं की आजूबाजूची रेती बोटांनी घट्ट दाबा, एकदा पाणी द्या, निथळू द्या, आणि आता वरचा ओलावा. पारदर्शक पिशवी उलटी करून ग्लासावर घाला, रबर लावा, आत दोन-चार थेंब जमलेले दिसायला पाहिजेत. ही पिशवी असली की रोज पाणी घालायची गरजच नाही, दहा-बारा दिवस हात पण लावायचा नाही. जागा उजेडाची पण ऊन अजिबात नको, मी जिन्याच्या खिडकीत ठेवते. उन्हात ठेवलं तर पिशवीच्या आत फांदी उकडून निघते, अक्षरशः शिजते.

आणि हे वाचाच, कारण सगळ्यात जास्त मन इथे मोडतं. गुलाबाची फांदी लावली की आठ-दहा दिवसांत कोवळी लाल पालवी फुटते. आपल्याला वाटतं लागलं! लगेच पिशवी काढतो, उन्हात ठेवतो, शेणखत घालतो, आणि आठवड्यात पालवी माना टाकते. ती पालवी फांदीत साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते, मुळी अजून एक पण नसते. कधी खाली पांढरा फुगीर गोळा दिसतो, ती पण मुळी नाही, जखमेवर धरलेली खपली आहे. पालवी जुनी झाली, पानं पूर्ण उघडली आणि त्यानंतर दुसरी पालवी आली किंवा ग्लासाच्या कडेला पांढरी मुळी दिसली, तेव्हाच समजा. जास्वंदीला चार-सहा आठवडे, मोगऱ्याला पाच-सहा, गुलाबाला सहा-आठ. मग पण पिशवी एकदम नाही काढायची, आधी कोपऱ्यात छोटं भोक, दोन दिवसांनी मोठं, आठवड्याने काढून टाकायची.

गुलाबात देशी घ्या, गुलकंदाचा सुगंधी गुलाबी जो असतो तो, पटकन लागतो. नर्सरीतले मोठ्या फुलांचे गुलाब दुसऱ्या जंगली गुलाबावर डोळा भरून, म्हणजे त्याच्या खोडात यांचा डोळा बसवून, केलेले असतात, त्यांच्या फांद्या मुश्किलीने लागतात. माझ्याकडे एकदा असा आणलेला पिवळा गुलाब होता, दोन वर्षांत त्याला खालून जोरदार लांब फांद्या फुटल्या, मी आनंदाने त्यांच्याच काड्या लावल्या, सगळ्या लागल्या, आणि फुलं आली ती छोटी पांढरी. त्या फांद्या कलमाच्या गाठीच्या खालून आल्या होत्या, म्हणजे जंगली खुंटाच्या. तेव्हा गाठ कुठे आहे बघून वरचीच फांदी घ्या.

चाफा (सोनचाफा नव्हे, चिक येतो तो), निवडुंग, शेर असली चिकाची किंवा मांसल झाडं मात्र यातल्या कुठल्याच नियमात बसत नाहीत. चाफ्याची फूट-दीड फुटाची फांदी एप्रिलमध्ये कापायची, पानं काढायची, आणि आठ-पंधरा दिवस सावलीत नुसती आडवी ठेवून द्यायची. काप सुकून कडक झाला की मग जास्त रेतीच्या मातीत लावायची, एकदा पाणी, आणि पानं फुटेपर्यंत जवळजवळ काही नाही. पिशवी तर अजिबात नाही. आमच्या शेजारच्या भाभींनी चाफ्याच्या चार फांद्या गमावल्या होत्या, पाचवी मी त्यांना पंधरा दिवस पायऱ्यांखाली ठेवायला लावली, त्या रोज विचारायच्या "ताई, अब लगा दूँ?", आता ते झाड त्यांच्या पहिल्या मजल्याला लागलंय.

स्नेक प्लांटचं पानसुद्धा लागतं, तीन इंचाचे तुकडे, दोन दिवस सुकवून, खालची बाजू खाली ठेवून, दोन-तीन महिने लागतात. पण पिवळ्या कडेचा असेल तर पानापासून येणारं रोप नुसतं हिरवं येतं, पिवळी कड हवी असेल तर मूळ कुंडीतून कंद वेगळा करा.

पाण्यात लावायचं तर पुदिना, तुळस, मनीप्लांट, कोलियस. बाटलीत एक डोळा पाण्यात, पान पाण्यात नाही, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, तेही हवेसाठीच, ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. मुळ्या एक-दीड इंच झाल्या की लगेच मातीत लावा, खूप वाढू दिल्या तर पाण्याची सवय लागते आणि मातीत गेल्यावर रुसतात.

ज्यांची फांदी काही केल्या लागत नाही, लिंबू, पेरू, किंवा ज्यांना धीर नाही, त्यांच्यासाठी झाडावरच मुळ्या काढायच्या. मोगऱ्याची, जाईजुईची लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत मधोमध मातीखाली दाबायची, वर एक दगड, दीड-दोन महिन्यांनी आईपासून कापायची, हे दाब कलम. लिंबाला, पेरूला, डाळिंबाला जुलैमध्ये गुटी बांधायची. पेन्सिलएवढ्या फांदीवर एक इंच रुंदीची साल गोल काढायची, आतलं लाकूड पांढरं दिसेपर्यंत, आणि त्यावरचा हिरवा बुळबुळीत थर चाकूने खरवडायचा कारण तो राहिला तर साल परत जुळते. ओलं मॉस, म्हणजे नर्सरीतलं शेवाळ, मुठीत पिळून त्यावर गुंडाळायचं, वरून प्लास्टिक, दोन्ही बाजूंनी घट्ट सुतळी. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून मुळ्या तपकिरी झालेल्या दिसल्या की गुटीच्या खालून कापा. यात फांदी पूर्ण वेळ आईचंच पाणी पीत असते म्हणून सुकायची भीतीच नाही.

आता शेवटचं, जमिनीत लावणं. मुळ्या ग्लासभर झाल्या की पहिले महिनाभर ती फांदी दुधाच्या पिशवीत नेहमीच्या मिश्रणात वाढवा, तेव्हा थोडं कंपोस्ट चालतं. मग जमिनीत, आणि इथे आता काळी माती चालते. दीड फूट खड्डा, निघालेल्या काळ्या मातीत एक तृतीयांश रेती आणि दोन घमेली कंपोस्ट, मध्ये रोप, भोवती आळं, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच ठेवा म्हणजे पावसाचं पाणी खोडाशी थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलं तर दिवाळीपर्यंत मुळ्या काळ्या मातीत उतरलेल्या असतात, आणि मग मे महिन्यात ४२ अंशांत लू वाहते तेव्हा तीच माती खालचा ओलावा धरून ठेवते. सांवेरच्या त्या दोन पोत्यांतली उरलेली माती मी अशीच फाटकाजवळच्या खड्ड्यात घातली, रेतीत लागलेल्या एका जास्वंदीखाली, आणि सासूबाई आजही रोज गणपतीला त्याचंच लाल फूल वाहतात.